होम प्रोग्रॅमचा कागद कोरा का परत येतो

तालुक्याच्या गावात नव्यानं स्पीच थेरपी सुरू केलेल्या एका तरुणीनं विचारलं आहे: ‘माझ्याकडे चार वर्षांचा मुलगा येतो. ऑटिझमचं निदान झालंय. आई आठवड्यातून दोनदा एसटीनं घेऊन येते, एकही सेशन चुकवत नाही. पण घरी करून घ्यायच्या गोष्टींचा, म्हणजे होम प्रोग्रॅमचा कागद पाच महिन्यांत एकदाही भरून आणलेला नाही. वडील फिरकत नाहीत. आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला. पालक डिनायलमध्ये आहेत. त्यांना स्वीकारायला कसं लावायचं?’

मी सांगली-मिरज पट्ट्यात २३ वर्षं हेच काम करते आहे. तुमचा प्रश्न वाचताना ‘एकही सेशन चुकवत नाही’ या वाक्याशी मी थांबले. पोराला काही झालंय हेच जिला मान्य नाही, ती बाई पाच महिने आठवड्यातून दोनदा स्टँडवर ताटकळत उभी राहत नाही. एसटीत बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे हे खरं, पण रोजगार तर पूर्ण दिवसाचा बुडतो. तिला कळलंय म्हणूनच ती येते. तेव्हा ‘डिनायल’ हा शब्द आधी फाइलमधून खोडा. मग जो उरतो तो खरा प्रश्न: इतकी धडपड करून येणारी बाई घरी गेल्यावर आपला कागद का उघडत नाही?

याचं उत्तर मला एका आईनं दिलं, आणि फार उशिरा दिलं. काम सुरू करून मला दुसरं वर्ष होतं. साडेपाच वर्षांची मुलगी, बौद्धिक अक्षमता, शब्द दहा-बाराच. तिच्यासाठी मी १४ अ‍ॅक्टिव्हिटींचा होम प्रोग्रॅम केला होता. सुबक रकाने, रोज टिक करायच्या चौकटी. त्यात मेणबत्ती विझवणं, शिट्टी फुंकणं वगैरेही होतं. नुसत्या फुंकरीनं शब्द येत नाहीत हे तेव्हा मला कुठं कळत होतं. तीन महिने कागद कोरा आला. एक दिवस बाहेर बसलेल्या चारचौघींसमोर मी म्हणाले, ‘मुलगी तुमची आहे की माझी?’ त्यानंतर ती आली नाही. मी मनात म्हटलं, नाहीच इंटरेस्ट.

दीडएक वर्षानं ती गणपती पेठेत भेटली. मुलगी बरोबर होती, बरी बोलत होती. आई म्हणाली, ‘मॅडम, तुमच्याकडं यायचं म्हणजे पेपरला बसल्यागत वाटायचं. आदल्या रात्री झोप लागायची नाही.’ मी विचारलं, कागदातलं निदान एखादं तरी करून बघायचं. तर म्हणाली, ‘त्यात आरशासमोर बसायचं होतं ना? आरसा दिरांच्या खोलीत. त्या खोलीत आम्ही जात नाही.’ १४ पैकी नऊ गोष्टी आरशासमोरच्या होत्या. अकरा माणसांच्या त्या घरात आरसा कुठं आहे, हे मी विचारलंच नव्हतं. तिनंही सांगितलं नाही, कारण मी सांगण्यासारखी जागा ठेवलीच नव्हती.

म्हणून सगळ्यात आधी मी तुम्हाला एकच विचारते: तुमच्या सेशनमध्ये आई कुठं बसते? बहुतेक ठिकाणी मूल आत, आई बाहेरच्या बाकावर. पाऊण तासानं दार उघडतं, आपण मूल हातात देतो, दोन वाक्यांत ‘आज छान बसला’ म्हणतो आणि कागद देतो. तिनं पाहिलेलंच नाही, ते ती घरी करणार कसं? आई आत बसली की मूल रडतं, चिकटतं, तुमची सेशन बिघडते, हे सगळं मान्य. पहिले तीन-चार आठवडे बिघडू द्या. मी हळूहळू उलटं करत आणते: आधी मी करते आणि ती बघते, मग ती करते आणि मी बघते. शेवटची दहा मिनिटं हात तिचे, तोंड माझं. तिथं तिला जे जमलं तेवढंच घरी न्यायचं, बाकी काही नाही.

आता थोडं गणित. आठवड्याला ४५ मिनिटांच्या दोन सेशन म्हणजे दीड तास. मूल दिवसाला बारा तास जागं असतं असं धरलं तर आठवड्याचे ८४ तास. आपला वाटा शंभरात दोनही नाही. हे गणित आम्हालाही शिकवलं होतं, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा शिकवला: म्हणजे उरलेले ८२ तास आईनं थेरपी करावी. अहो, त्या ८२ तासांत स्वयंपाक आहे, धुणं आहे, दुसरं लेकरू आहे, सासऱ्यांची शुगरची गोळी आहे. पोराची आई कामावरून घरी आली की पुन्हा आपल्या नोकरीवर चढते, असं आपण करून ठेवतो, आणि ती नोकरी बिनपगारी. मूलही बिचारं दिवसभर शिकवणीला बसतं. मी त्या तासांत घुसत नाही. तिथं आधीपासून जे चाललंय त्यातली एखादी जागा शोधते.

जागा शोधायची एक रीत आहे. रॉबिन मॅकविलियम या अमेरिकी अभ्यासकानं ती ‘रूटीन्स-बेस्ड इंटरव्ह्यू’ या नावानं मांडली, पण आपल्याकडं ती चहाच्या गप्पांसारखी होते. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री अंथरूण घालेपर्यंतचा दिवस आईकडून ऐकायचा. तो उठतो कधी, कोण उठवतं, चहा कुठं पितो, तेव्हा तुम्ही काय करत असता, तो काय करतो, ही वेळ बरी जाते की डोकं फिरवते? तासभर लागतो. मी या तासात एकही सल्ला देत नाही. जीभ चावून बसावं लागतं. शेवटी विचारते, ‘या सगळ्यातलं एकच बदलता आलं तर कुठलं बदलाल?’ आजवर क्वचितच कुणी ‘तो बोलला पाहिजे’ म्हणालं असेल. ‘रात्री झोपू दे’, ‘लग्नाला नेता यावं’, ‘शी आली की सांगावं, एवढं झालं तरी बास’ असं म्हणतात. आपल्या फाइलमध्ये मात्र उद्दिष्ट असतं, पाच चित्रं ओळखणे.

एका आईनं सांगितलं होतं, सकाळी चहाच्या वेळी तो डब्याशी किंचाळतो आणि मी बिस्किटाचा पुडाच हातात देते, कारण डबे भरायचे असतात. तिथंच काम धरलं. पुडा द्यायचा नाही, एक बिस्किट द्यायचं आणि दुसऱ्याआधी मनात पाचपर्यंत मोजायचं. तेवढंच. तो बघेल, हात पुढं करेल, आवाज काढेल, काहीही करेल. ते ‘मागणं’ समजून लगेच द्यायचं. सहा बिस्किटं म्हणजे मागायच्या पाच संधी, एक मिनिटभरही जास्त न घालवता. आठवड्यानं ती म्हणाली, ‘मॅडम, पाच मोजेपर्यंत माझाच धीर सुटतो.’ मग तीन मोजायचं ठरलं. दुसऱ्या एका घरात नळ होता: सोडताना ‘सोड’, बंद करताना ‘बंद’. हे टिक करायला कागद लागत नाही. आई विसरत नाही, कारण चहा विसरत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं विकासात मागं पडणाऱ्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी जो प्रशिक्षण कार्यक्रम केला आहे, त्यात पालकांच्या नऊ गटबैठका आणि तीन घरभेटी आहेत, आणि त्याचा भरही खेळ आणि घरातल्या रोजच्या कामांवरच आहे. तज्ज्ञ कमी असलेल्या ठिकाणांचा विचार करूनच तो केलेला आहे. आपला तालुका त्यात बसतो.

पण सगळीकडं हेच चालेल असं मी म्हणणार नाही. तुमची नोकरी कुठं आहे यावर बरंच अवलंबून आहे. स्वतःचं क्लिनिक असेल तर तासभर देता येतो. जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणाऱ्या केंद्रात, बाहेर वीस मुलं थांबलेली असताना तासभर दिवस ऐकायचा म्हटलं तर बाकीचे पालक दार तोडतील. तिथं मी दिवसाचा एकच तुकडा ऐकायचे, फक्त जेवण किंवा फक्त अंघोळ, आणि पुढचा तुकडा पुढच्या महिन्यात. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हालचालींवर नीट ताबा नसलेल्या मुलाला बसवायचं कसं, भरवायचं कसं हे चुकलं तर ठसका लागतो, न्यूमोनिया होतो. तिथं ‘तुम्हाला जमेल तसं करा’ म्हणून चालत नाही, फिजिओ किंवा ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) बरोबर घेऊन हात धरून शिकवावंच लागतं. कानाच्या मशीनचंही तसंच. मशीन डब्यात आणि मूल शाळेत असेल तर बाकीची सगळी थेरपी वाया.

आणि माणसं एका जागी राहतात हे आपण गृहीत धरतो, तेही चुकतं. जतकडचं एक जोडपं दरवर्षी ऊसतोडीला जायचं. दिवाळी झाली की गायब, गुढीपाडव्याच्या आसपास परत. पहिल्या वर्षी मी ‘ड्रॉपआउट’ लिहिलं. दुसऱ्या वर्षी निघायच्या आधी विचारलं, तिकडं दिवस कसा असतो? आई पहाटे फडात, पोर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, नऊ वर्षांच्या बहिणीपाशी. म्हणजे माझी पालक ती नऊ वर्षांची पोरगी होती! ती वयानं लहान, तिच्यावर काम टाकणं मला पटेना. शेवटी संध्याकाळी चूल पेटल्यावर आई भाकरी करते तेवढ्या वेळेतलं एकच ठरवलं: भाकरीचा तुकडा देण्याआधी नाव घेऊन हाक, तो वळला की तुकडा. परत आले तेव्हा पोर नावाला वळत होतं. तेवढंच झालं, बाकी काही नाही. पण ते ऊसतोडीच्या हंगामात झालं.

आता स्वीकाराबद्दल. सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी अभ्यासकानं १९६२मध्ये लिहिलं होतं की अशा मुलांच्या पालकांचं दुःख जुनाट असतं, मुलाबरोबर आयुष्यभर चालतं, आणि ते स्वाभाविक आहे; त्याला मनोविकार समजून ‘स्वीकारा, स्वीकारा’ म्हणत मागं लागणाऱ्या व्यावसायिकांचं चुकतं. साठ वर्षं होऊन गेली. आम्हाला मात्र धक्का, नकार, राग, मग शेवटी स्वीकार असा जिना शिकवला. तो जिना मुळात स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांबद्दलचा होता. आपल्यासमोरच्या आईचं मूल जिवंत आहे, मांडीवर आहे. आज ती हसत येते आणि जूनमध्ये नणंदेची मुलगी पहिलीत गेली की पुन्हा रडते. चुलतभावाची मुंज, दहावीचे निकाल, मुलीला पाळी येणं, अठरावं वरीस, दर वेळी ते वर येतं. या दिवसांत मी काम कमी देते आणि ‘हे काय, परत मागं गेलात’ असं चेहऱ्यावरही दिसू देत नाही. ‘मी समजू शकते’ असं मी म्हणत नाही, कारण मी समजू शकत नाही. माझी मुलं बोलतात.

पहिल्या भेटीत एक वाक्य मात्र मी न विचारता बोलते: ‘हे तुमच्यामुळं झालेलं नाही.’ ते ऐकून किती बायका तिथल्या तिथं रडायला लागतात हे बघाल तर तुम्ही कधी विसरणार नाही. कारण घरात तिला सांगून झालेलं असतं की ग्रहण पाळलं नाहीस, नोकरी करत होतीस, मोबाइल दिलास. आपल्या पेशालाही या बाबतीत ताठ मानेनं बोलता येत नाही. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञानं १९४३मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं, तेव्हापासून आईबापांच्या ‘थंड’पणाची चर्चा सुरू झाली. अमेरिकेत अशा मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रूनो बेटेलहाइमनं आयांना थेट दोषी ठरवलं आणि मोठमोठ्या लोकांनी ते खरं मानलं. ते खोडून काढलं बर्नार्ड रिम्लंडनं १९६४मध्ये. तो मानसशास्त्रज्ञ होता, आणि ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता. दिल्लीतली अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम ही संस्थाही मेरी बरुआ या एका आईनंच उभी केली. आपल्या क्षेत्रातल्या बऱ्याच शहाण्या गोष्टी बाहेरच्या बाकावरून आत आलेल्या आहेत. आता ‘थंड आई’ गेली, तिच्या जागी ‘मोबाइल देणारी आई’ आली. मीही स्क्रीन कमी करायला सांगते. पडद्यासमोर गेलेला तास माणसांबरोबर जात नाही, म्हणून. मोबाइलमुळं ऑटिझम झाला असं सांगत नाही, कारण ते खरं नाही.

वडिलांचं बघू. तुमची वेळ सकाळी अकराची असेल आणि ते एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतील, तर ते फिरकत नाहीत असं कसं म्हणायचं? मी महिन्यातला एक शनिवार संध्याकाळी सात वाजता ठेवते, बापांसाठी. तरी काही येत नाहीत. एक जण तर आठ महिने माझ्या क्लिनिकसमोर कडुनिंबाखाली गाडीवर बसून राहायचा, बायको-मुलाला सोडून. मी त्याला बेफिकीर समजत होते. एकदा पावसानं त्याला आत आणलं. ‘तुम्हाला काय वाटतं’ असं पुरुषांना विचारलं की ‘बघा तुम्हीच’ एवढंच येतं, म्हणून मी विचारलं, ‘तुमच्याबरोबर हा काय करतो?’ दहा मिनिटं बोलला. गाडीवर पुढं बसवतो, रेल्वेचं फाटक लागलं की खूश होतो, गाडी गेली की माझा हात धरून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवतो. अहो, ही मागणी आहे! चार महिने मी आत चित्रांचे पत्ते दाखवून जे आणायला बघत होते, ते बाहेर फाटकावर रोज चाललं होतं. फाटक उघडल्यावर थांबायचं, ‘चल’ म्हणायचं, मग निघायचं, असं ठरलं. त्या मुलाचा पहिला शब्द ‘चल’. फाटकावरच आला, मागचे हॉर्न मारत होते म्हणे.

आजीशी वाद घालू नका. ‘याचा बापही उशिरा बोलला’ हे वाक्य तुम्हाला अडथळा वाटतं. मला ते दार वाटतं. मी विचारते, ‘तो बोलत नव्हता तेव्हा हवं ते कसं सांगायचा हो?’ एक आजी म्हणाल्या, ‘बोट दाखवायचा की. हाक मारली की वळायचा, तोंडाकडं बघून हसायचा.’ ‘आणि हा?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हा माझा हात धरून डब्यावर नेऊन ठेवतो. माझ्याकडं बघत न्हाई, हाताकडं बघतो.’ उशिरा बोलणारं मूल आणि ऑटिझम यातला जो फरक आम्ही पुस्तकात वाचला, तो त्यांनी एका वाक्यात सांगितला. त्यानंतर त्या घरात निदानाबद्दल माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त ऐकलं गेलं.

भाषेचं एक राहिलं, आणि आपल्या भागात ते फार घडतं. मिरजेत, जतला कितीतरी घरांत आजी कन्नड, बाप मराठी, वर शाळा इंग्रजी. कुणीतरी सांगतं, याच्याशी एकच भाषा बोला, तीही इंग्रजी. मग आजी नातवाशी बोलायचीच थांबते. दोन भाषांमुळं ऑटिझमच्या मुलाचं बोलणं मागं पडतं याला पुरावा नाही. ज्या भाषेत आईला रागावता येतं आणि लाड करता येतात, त्याच भाषेत बोलू द्या.

देवऋषी, पत्रिका, नवस याबद्दल पालक आपल्यापासून लपवतात, कारण आपण हसतो. मी हसत नाही. लिंबू उतरवून टाकलं तर माझी हरकत नाही. पण दोन ठिकाणी मी गोड बोलत नाही. एक, कुणाच्या सांगण्यावरून फिटची गोळी बंद केली असेल तर. ती गोळी एकदम बंद केली तर फिट थांबतच नाही असं होऊ शकतं, जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावते. दुसरं, शेत गहाण ठेवून स्टेम सेलची इंजेक्शनं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी असा उपचार मंजूर चाचणीबाहेर करायलाच परवानगी नाही. हे मी कागद दाखवून सांगते, ‘तुमची मर्जी’ म्हणत नाही. पालकांचा आदर करायचा म्हणजे त्यांच्यासमोर गुळमुळीत बोलायचं, असा एक समज हल्ली झाला आहे; तो मला मान्य नाही. मुलाला चटके, मार असं काही दिसलं तर मी बोलते. आणि लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, तिथं ‘घरचा मामला’ नसतो. हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं: तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील, एवढा अपवाद सोडून. आई स्वतःचं बरंवाईट करून घ्यायच्या गोष्टी बोलायला लागली तर सेशन बाजूला ठेवा. १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मी भिंतीवर लावला आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे स्वतः फोन करून पाठवते.

दिव्यांग प्रमाणपत्राचा विषय कधी काढायचा हेही विचाराल म्हणून लिहिते. पहिल्या भेटीत नको, आणि दोन वर्षांनीही नको. १९९५च्या अपंगांसाठीच्या कायद्यात अक्षमतेचे सात प्रकार होते, ऑटिझम नव्हता. २०१६चा कायदा एप्रिल २०१७पासून लागू झाला, त्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. नोकरदार बापानं जुनी करपद्धत निवडली असेल तर आयकरात सूट मिळते. हे फायदे सांगितले तरी पालक गप्प का राहतात, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. एका आईनं शेवटी विचारलं, ‘हे दिव्यांगाचं कार्ड काढलं तर धाकटीच्या लग्नाच्या वेळी अडचण येईल का?’ त्याचं उत्तर कुठल्या जीआरमध्ये नाही. मी एवढंच सांगितलं की कार्ड तुमच्या कपाटात राहतं, कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवा. तिनं सहा महिन्यांनी काढलं. मूल मोठं असेल तर हेही कानावर घाला: अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. बँकेत अडल्यावर कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

रिपोर्ट मराठीत लिहा आणि वाचून दाखवा. एका मुलाच्या जुन्या रिपोर्टमध्ये मी ‘मदर नॉन-कंप्लायंट’, म्हणजे आई सांगितलेलं ऐकत नाही, असं वाचलं होतं. आई बीएस्सी होती. तो रिपोर्ट तिनं प्लास्टिकच्या पिशवीत चार वर्षं जपून ठेवला होता आणि प्रत्येक नव्या तज्ज्ञासमोर तोच आधी ठेवायची. तसंच केस हिस्टरीच्या फॉर्मवर आईचं नाव ‘इन्फॉर्मंट’च्या, म्हणजे माहिती देणाऱ्याच्या रकान्यात असतं, जणू पंचनामा चाललाय. तिला तिच्या नावानं ताई म्हणा. ‘अमक्याची आई’ तिला बाकी सगळे म्हणतातच.

तुमची स्वतःचीही हद्द आखा. मी फोन संध्याकाळी सात ते आठ घेते, रात्री अकराचे व्हिडिओ सकाळी बघते. नव्या उत्साहात चोवीस तास उपलब्ध राहणाऱ्या मुली मी दोन वर्षांत हे काम सोडताना पाहिल्या आहेत, आणि मग त्या पालकांना पुन्हा पहिल्यापासून सगळं कुणाला तरी सांगावं लागतं. फीबद्दलही खरं बोला. आठवड्यातून दोनदा यायची गरज आहे, की आई शिकली तर पंधरा दिवसांतून एकदा पुरेल? दुसरं उत्तर दिलं की आपलं उत्पन्न कमी होतं, म्हणून ते आपल्याला सुचत नाही. त्या माउलीचे चार रोजगार वाचत असतील तर सुचवून घ्यावं.

आता तुमच्या या मुलापुरतं. पुढच्या सेशनला कागदाचा विषय काढू नका. जुना कागद तिनं पिशवीतून काढलाच तर ‘तो माझा चुकला होता’ म्हणून परत घ्या. हे म्हणायला जड जातं, पण एकदाच म्हणावं लागतं. मुलाला खेळायला काहीतरी देऊन तिला आत बसवा आणि कालचा दिवस कसा गेला ते विचारा. अर्ध्या तासात चहा, नळ, झोका, फाटक असं काहीतरी हाताला लागेल. त्यातलं एकच घ्या, तिथंच तिच्याकडून दोन-चारदा करून घ्या. वडिलांसाठी एक निरोप द्या, एवढाच, की मुलगा तुमच्याबरोबर असताना काय करतो ते मला ऐकायचं आहे, सवडीनं फोन करा. आणि त्या आजींना एकदा बरोबर घेऊन यायला सांगा. दुपारची एसटी त्यांच्या गुडघ्यांना झेपेल का, ते आधी विचारून घ्या. नसेल झेपणार, तर तुम्हीच जा.